नाईकनवरे सरांचं वाक्य

नाईकनवरे सर भित्रे होते. त्यांची बदनामी करायची म्हणून हे लिहीत नाही, ते स्वतःच सांगायचे. मी शाळेत रुजू झालो त्या दिवशी स्टाफरूममध्ये हात पुढं करून म्हणाले, "मी नाईकनवरे. इंग्रजी शिकवतो. कुत्र्याला, संस्थेच्या पत्राला आणि मोटारसायकलच्या मागच्या सीटला भितो. बाकी तब्येत बरी आहे."

शाळा गोदाकाठच्या एका गावात होती, गेवराई तालुक्यात. गावाचं नाव मी लिहीत नाही. पुढं एका मुलीचा उल्लेख येईल, तिचंही नाव बदललंय. सगळे अजून तिथंच राहतात, तेवढं समजून घ्यावं.

मी तासिकेवर मराठी शिकवायचो. माझे आई-बाप ऊसतोडीला, कोयत्यावर जाणारे. आमच्या घरात माझ्या आधी दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं आणि मी बी.ए., बी.एड. होऊन आलो होतो. त्यामुळं छाती जरा पुढं काढूनच चालायचो. सरांनी पहिल्याच आठवड्यात माझा इंग्रजीतला एक अर्ज वाचला, तीन चुका पेन्सिलीनं बारीक खुणा करून दाखवल्या आणि म्हणाले, "पेन्सिल आहे, खोडता येते. कुणाला कळणार नाही." माणूस कसा होता ते मला त्या पेन्सिलीनं सांगितलं.

सर मूळचे लिंबागणेशकडचे. अंगानं किरकोळ, पांढरा शर्ट, बारा महिने काखेत छत्री. छत्री पावसासाठी नव्हती, कुत्र्यांसाठी होती. रस्त्यानं चालताना कडेच्या मातीतून चालायचे, डांबरावर पाय ठेवायचे नाहीत. कारण डांबरावरून हायवा जायचे. वाळू वाहणारे ते मोठे ट्रक आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक आहेत. ते यायला लागले की सर छत्रीसकट बाभळीच्या आडोशाला उभे राहायचे, पार धुरळा बसेपर्यंत.

पण वर्गात गेले की हा माणूस वेगळा व्हायचा. त्यांची एक पद्धत होती. आठवड्याला एकच क्रियापद. "आधी क्रियापद धरा. बाकीचं वाक्य त्याच्या मागं शेपटासारखं येतं," हे त्यांचं नेहमीचं. आणि क्रियापद पुस्तकातून नाही शिकवायचे, वस्तू हातात देऊन शिकवायचे.

'पंप' या क्रियापदाचा आठवडा मला नीट आठवतो, कारण त्यानंतर सगळं बदललं.

सोमवारी त्यांनी नववीचा वर्ग शाळेमागच्या हापशावर नेला. एकेका पोराला दांडा धरायला लावला आणि हापसता हापसता वाक्य म्हणायला लावलं. मंगळवारी सायकलच्या दुकानातून हवा भरायचा पंप आणला. बुधवारी कुणाच्या तरी आजीचा रॉकेलचा स्टो. रॉकेल मिळत नाही, तो पेटवायचा कशाला, नुसती दांडी आत-बाहेर. गुरुवारी उपकेंद्रातल्या नर्सबाईंना बोलावलं, बीपीचं मशीन घेऊन. बाईंनी सरांच्याच दंडाला पट्टा बांधला, रबरी फुगा दाबून हवा भरली, काटा बघितला आणि पट्टा सोडला. "सर, तुमी खुर्चीवर बसा जरा," एवढंच म्हणाल्या. पोरं हसली. सर खुर्चीत बसून म्हणाले, "हसू नका. द हार्ट पम्प्स ब्लड. माझं जरा जास्तच करतंय."

मग ते स्टाफरूममध्ये येऊन मला म्हणायचे, "बघा तुमची मराठी. पाणी हापसतात. हवा भरतात. विहीर उपसतात. इंग्रजाला एकच शब्द पुरतो, आपल्याला प्रत्येक कामाला वेगळा लागतो. कोण श्रीमंत?" मी म्हणायचो, आपण. ते म्हणायचे, "अजून एक राहिलं. कुणाच्या पोटातली गोष्ट गोड बोलून, परत परत विचारून काढून घ्यायची, त्यालाही ते 'पंप'च म्हणतात. त्याला तुमच्याकडं काय शब्द आहे?" मला पटकन सुचलं नाही. "सुचेल," सर म्हणाले.

शाळेच्या फाटकावर एक लहानसा काळा फळा होता. तो सरांचाच. दर आठवड्याला पोरं नव्या क्रियापदाची पाच-पाच वाक्यं घरून लिहून आणायची. सर सगळ्या वह्या तपासायचे, सगळ्यात चांगल्या वाक्यापुढं लाल पेनानं 'बोर्ड' असं लिहायचे आणि शनिवारी सकाळी ते वाक्य फळ्यावर उतरवायचे. परिपाठाला त्या पोराला पुढं बोलवायचं, त्यानं वाक्य मोठ्यानं वाचायचं, मग सर खाली त्याचं नाव लिहायचे. आठवडाभर येणारे-जाणारे ते नाव वाचायचे. पोरांचे बाप मुद्दाम वाट वाकडी करून यायचे.

त्या शनिवारी फळ्यावर वाक्य होतं : 'दे पंप सॅण्ड फ्रॉम द रिव्हर अँड अवर वेल इज ड्राय.' ते नदीतून पंपानं वाळू ओढतात आणि आमची विहीर कोरडी पडली आहे.

आता कुणीही म्हणेल, सरांना कळलं कसं नाही? नाही कळलं. शप्पथ सांगतो, नाही कळलं. रस्त्यावर हायवा दिसला की झाडामागं लपणारा माणूस, पण वहीत त्यांनी फक्त क्रियापद बघितलं. कर्ता अनेकवचनी, क्रियापदाला एस नाही, दोन वाक्यं 'अँड'नं जोडलेली, स्पेलिंग बिनचूक. त्यांना इतका आनंद झाला की त्या वाक्यात काय लिहिलंय ते त्यांनी वाचलंच नाही. अशी चूक फक्त भाषेचा मास्तरच करू शकतो.

सात वाजता मी फाटकातून आत येत होतो. एक मोटारसायकल थांबली. वर वाळूवाल्या अण्णांचा माणूस होता. त्यानं फळ्याचा मोबाईलवर फोटो काढला आणि निघून गेला. त्याला 'पंप' आणि 'सॅण्ड' एवढंच इंग्रजी येत होतं, पण फोटो ज्याला पाठवला त्याला सगळं येत होतं.

त्या दिवशी मुख्याध्यापक तालुक्याला मीटिंगला गेले होते, म्हणून परिपाठ झाला नाही. म्हणून फळ्यावर नाव लिहिलं गेलं नाही. नशीब म्हणा.

आठच्या सुमाराला मी सरांना फोटोचं सांगितलं. त्यांनी खिडकीतून फळ्याकडं बघितलं, ओठ हलवत वाक्य वाचलं, यावेळी मराठीत. मग खाली बसले. समोर वह्यांचा गठ्ठा होता. त्यातली एक काढून त्यांनी माझ्यापुढं उघडी केली. पाचवं वाक्य, पुढं लाल अक्षरात 'बोर्ड'. वहीवर नाव दीपालीचं.

दीपालीचं घर नदीच्या उतारावर. आणि तिचा बाप, भगवान, वाळूवाल्या अण्णांच्या हायवावर ड्रायव्हर. तिच्या विहिरीचं पाणी आणि तिच्या घरातली भाकरी, दोन्ही एकाच माणसाच्या हातात. मागच्या साली नदीवर एकानं नुसता व्हिडिओ काढला होता, त्याचा पाय अजून सरळ पडत नाही. हे सरांना माहीत होतं, मला माहीत होतं, गावात शेंबड्या पोराला माहीत होतं.

"पान फाडू का?" मी विचारलं.

"फाडलेलं पान दिसतं," सर म्हणाले.

"वही घरी नेतो मी."

"एक वही कमी भरली की हजेरीवरून नाव निघतं."

तेवढ्यात अण्णा आलेच. पांढरे कपडे, कपाळाला बुक्का, सोबत तो सकाळचा मोटारसायकलवाला. आरडाओरडा काही नाही. खुर्ची ओढली, बसले. "सर, इंग्रजी लई भारी शिकवता म्हणे. आमचा पुतण्या बीडला इंग्लिश मीडियमला व्हता, त्यानं फोनवर वाचलं. म्हणला, काका, शंभर टक्के बरोबर हाय."

"आभारी आहे," सर म्हणाले.

"कुणाचं हाय ते वाक्य?"

"माझं. उदाहरण दिलं."

"तुमचं कसं? तुमी तर लिंबागणेशचे. तुमची हिर कुठं आटली इथं?" अण्णा हसले. "लेकराचं आसंल. असू द्या की. लेकरू हुशार हाय, आपल्याच गावचं हाय. बक्षीस देऊ आपण. पोरगी हाय का पोरगं?"

सर बोलायला लागले. मला वाटलं, संपलं. पण ते नाव नाही बोलले, ते क्रियापद शिकवायला लागले. भीतीनं माणसाची वाचा बसते, सरांची सुटली. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरणं, हापशाचं पाणी, काळजाचं रक्त, हात धरून जोरजोरात वरखाली हलवणं, सरकारनं एखाद्या कामात पैसा ओतणं, सगळ्याची वाक्यं. एकवचनी, अनेकवचनी. भूतकाळ. कपाळावरून घाम हनुवटीवर येत होता आणि सर थांबत नव्हते. अण्णा शांतपणे ऐकत होते, मधूनच म्हणत होते, "ते झालं सर. नाव?" आणि सर पुढच्या काळात जात होते. मोटारसायकलवाला शेवटी वैतागला. "का बे मास्तर, आमाला परीक्षेला बसवतो का?"

अण्णांनी त्याला हातानं गप्प केलं. वह्यांच्या गठ्ठ्यावर तळवा ठेवला. "ह्या त्याच वह्या ना? आमाला काय वाचता येत न्हाई. सोमवारी पुतण्याला घेऊन येतो, मधल्या सुट्टीत. तवर ते फळ्यावरचं पुसून टाका. आन वह्या हितंच राहू द्या, सगळ्या."

ते गेल्यावर सरांनी फळा पुसला. मी तिथंच उभा होतो. एवढा वेळ मी एक शब्द बोललो नव्हतो, हे लिहून ठेवतो.

रविवारी मी त्यांच्या घरी गेलो नाही. सोमवारी पहिला तास त्यांचा नववीवर होता, माझा शेजारच्या वर्गावर. मधली भिंत अर्धीच, वरून सगळं ऐकू येतं. सर म्हणत होते, "पाचवं वाक्य सगळ्यांचं सारखं पाहिजे. आपलं पाचवं खोडा, पूर्ण गिरगटून टाका, खाली काय होतं ते दिसायला नको. आता मी सांगतो ते लिहा."

आणि त्यांनी तेच वाक्य सांगितलं. दे पंप सॅण्ड. एकेक शब्द सुटा करून. सगळ्या वर्गानं लिहिलं. मग ते बाकाबाकातून फिरत प्रत्येकाच्या वाक्यापुढं लाल पेनानं 'बोर्ड' लिहीत गेले.

मी दारात येऊन बघत होतो. सर दीपालीच्या बाकापाशी आले आणि थांबले. मला लगेच समजलं. सगळ्या वह्यांत पाचव्या वाक्यावर खाडाखोड होती. एकटीच्या वहीत नव्हती. तिला खोडायचं कारणच नव्हतं, तिचं वाक्य आधीच तेच होतं. पुतण्यानं वह्या चाळल्या असत्या तर स्वच्छ पान एकच निघालं असतं.

सरांनी तिची वही ओढली. "हे काय अक्षर आहे?" ते ओरडले. सर ओरडलेले कुणी कधी ऐकले नव्हते. "रेघ सोडून लिहिलंय, घाण केलीय नुसती." त्यांनी तिच्याच हातातलं पेन घेऊन ते वाक्य आणि पुढचा स्वतःचा 'बोर्ड' इतक्या जोरानं गिरगटला की खालच्या पानावर वळ उमटले. "परत लिही. खाली लिही. आत्ता."

तिचं अक्षर वर्गात सगळ्यात चांगलं होतं. तिनं परत लिहिलं. डोळ्यातलं पाणी वहीवर पडलं आणि दोन अक्षरं फुटली. त्यापुढं सरांनी परत लाल 'बोर्ड' लिहिलं. ती समजून रडली का न समजता, ते मला आजही सांगता येत नाही. मी तिला कधी विचारलं नाही आणि सरांनी तर नाहीच नाही.

मधल्या सुट्टीत पुतण्या आला. केसाला जेल, पायात पांढरे बूट. एकेक वही उघडून पाचवं वाक्य वाचत गेला. दहा-बारा वह्या झाल्यावर म्हणाला, "काका, सगळ्यांचं सेमच हाय. सगळ्यांनी खोडून लिवलंय. वरून डिक्टेशन दिल्यालं दिसतंय."

अण्णा सरांकडं वळले. "म्हंजे डोकं तुमचंच."

"शनिवारीच सांगितलं तुम्हाला," सर म्हणाले. त्यांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती.

"कावून पण सर? तुमाला काय तरास दिला आमी?"

"चूक झाली."

"झाली तर खरी," अण्णा म्हणाले आणि उठले. जाताना त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला, सावकाश दोनदा थोपटलं. त्यांनी मारलं असतं तर मला कमी भीती वाटली असती.

दुसऱ्या दिवसापासून हायवा सरांच्या मागं यायला लागला. सरांचं भाड्याचं घर ते शाळा, वीस मिनिटांची वाट. सर सकाळी बाहेर पडले की कोपऱ्यावर उभा असलेला हायवा चालू व्हायचा आणि माणसाच्या चालीनं मागून यायचा. हॉर्न नाही, शिवी नाही, काही नाही. नुसता इंजिनाचा आवाज, पाठीपासून आठ-दहा हातांवर. सर थांबले की थांबायचा. झाडामागं गेले की वाट बघायचा. शाळेच्या फाटकापर्यंत सोडून माघारी जायचा. संध्याकाळी परत तेच.

सरांच्या बायको लेकीकडं निघून गेल्या, सरांनीच पाठवलं. सरांनी रजा टाकली नाही. मला वाटलं होतं टाकतील. मी विचारलं तर म्हणाले, "मी घरी बसलो तर ते परत विचारायला लागतील. माझ्या मागं येतायत तोपर्यंत दुसऱ्या कुणाच्या मागं जात नाहीत."

मी त्यांच्या सोबत चार दिवस चाललो. पाचव्या दिवशी आई म्हणाली, "तुला परमनंट व्हायचंय ना?" मग मी वाट बदलली. चार दिवसांत पहिल्या दिवशी मागं वळून बघितलं तेवढंच. काचेमागं भगवान होता. दीपालीचा बाप. अण्णांनी ज्या माणसाला सरांच्या मागं लावलं होतं, तो हा. अण्णांना काही ठाऊक नव्हतं, भगवानला काही ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं सरांना, आणि मला.

"सर, भगवान आहे गाडीवर," मी खालच्या आवाजात म्हणालो.

"बघू नका तिकडं," सर म्हणाले. "तुमच्या तोंडावरून कळेल त्याला."

महिन्याभरानं संस्थेचं पत्र आलं. बदली आष्टी तालुक्यात, कडा गावाच्याही पुढं, संस्थेच्या दुसऱ्या शाळेत. त्या पत्राला सर भ्यायचे, पण त्या दिवशी त्यांनी ते घडी घालून खिशात ठेवलं आणि दोन तास नेहमीसारखे शिकवले. निरोप समारंभ झाला नाही. मुख्याध्यापक म्हणाले, नको, कशाला लोकांच्या डोळ्यावर यायचं.

निघायच्या सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. एवढं तरी करायचं असं मी ठरवलं होतं. एक ट्रंक, एक वळकटी आणि छत्री. ट्रंक मी उचलली. हायवेच्या फाट्यापर्यंत तीन किलोमीटर चालायचं होतं, तिथून गाडी. आम्ही गावाबाहेर पडलो आणि मागून इंजिनाचा आवाज आला. यावेळी ट्रक वाळूनं भरलेला होता, मागच्या फाळक्याच्या फटीतून पाणी गळत होतं. तो आमच्या मागं राहिला नाही. शेजारी आला आणि थांबला. पुढं-मागं रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

भगवाननं काच खाली केली. "सर, फाट्यावर निघाले ना? बसा, सोडतो."

सरांनी माझ्याकडं बघितलं, मी ट्रंकेकडं.

"चालत जातो," सर म्हणाले.

"मी अण्णाच्या त्या कामावर न्हाई आत्ता. माल घेऊन चाललोय तिकडंच." तो खाली उतरला, पुढून वळसा घालून आमच्यापाशी आला. जवळून बघितला तर माझ्याएवढ्याच चणीचा माणूस, डोळे जाग्रणानं लाल. "मनावर घेऊ नका सर. मला सांगितलं मागं जा, मी गेलो. आमची पोरगी तुमच्याच वर्गात हाय. दीपाली. तिचं कसंय इंग्रजीत?"

"चांगलंय," सर म्हणाले. "अक्षर चांगलंय तिचं."

"रडत व्हती मधी एक दिवस. म्हणली, सर रागावले."

"चुकून रागावलो. तिला सांगा."

भगवाननं ट्रंक आणि वळकटी आमच्या हातातून घेतली, केबिनमध्ये चढवली. मग सरांच्या अगदी जवळ येऊन, आवाज उतरवून म्हणाला, "सर, आता तुमी चाललातच. एक सांगता का? ते वाक्य खरंच कुणाचं व्हतं? मी कुणाला बोलणार न्हाई. लेकराची आण."

मला वाटलं, सर सांगणार. बाप विचारतोय, लेकीची शपथ घेऊन विचारतोय, आणि माणूस वाईट दिसत नाही. सांगून मोकळं व्हावंसं कुणालाही वाटलं असतं. मीच सांगून टाकीन की काय, असं मला वाटलं आणि मी दात आवळून धरले.

"माझंच होतं, भगवानराव," सर म्हणाले.

भगवाननं केबिनचं दार पुरतं उघडलं. मग म्हणाला, "बसा."

हायवाची पायरी उंच असते. सरांचा पाय पोचेना. भगवाननं एका हातानं त्यांचं मनगट धरलं, दुसरा पाठीला लावला आणि म्हाताऱ्या बापाला बैलगाडीत चढवावं तसं वर चढवलं. मनगट सोडता सोडता तो थांबला. "सर, हात लई गार पडलाय तुमचा," तो म्हणाला. "भेताय काय मला?"

सर काय बोलले ते इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. दार पहिल्यांदा लागलं नाही, भगवाननं परत उघडून आपटलं. मग ट्रक निघाला. दाराच्या काचेतून सरांचं डोकं दिसत होतं, अगदी ताठ, ड्रायव्हरकडं न वळता समोर बघणारं, आणि छातीशी दोन्ही हातांनी धरलेल्या छत्रीचं टोक.